तीच गोळी

उपकेंद्रात आलेल्या हौसाबाईंचा चेहरा सुजून गोल झाला होता. तरी त्या म्हणाल्या, "सिस्टर, तीच गोळी द्या. गुडघे लगेच मोकळे होतात."

शालनसिस्टरांनी पाकीट काढलं, तशी उपकेंद्रातली नवी नर्स हेमांगी हिने त्यांना अडवलं. तिला इंजेक्शन द्यायला त्यांनीच शिकवलं होतं. "ताई, ही स्टेरॉइडची गोळी आहे, तिच्यानेच यांचा चेहरा सुजलाय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्याला देता येत नाही."

"डॉक्टर इथे येतात कधी? कळवळणाऱ्या माणसांना परत पाठवू?"

 हेमांगीने त्यांच्यासमोरच तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला आणि हौसाबाईंची अवस्था सांगितली.

"लगेच घेऊन या," ते म्हणाले. "गोळ्या कोण देत होतं?"

हेमांगीने एकदा शालनताईंकडे पाहिलं. "शालनसिस्टर."

शालनताईंनी हौसाबाईंना गाडीत बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या. "केंद्र सांभाळ," त्या म्हणाल्या, पण हेमांगीकडे त्यांनी पाहिलं नाही.