अठ्ठेचाळीस मिनिटं

अंकित उंबऱ्यात उभा राहिला आणि घर गप्प झालं. स्वयंपाकघरातलं त्याच्या बायकोचं लाटणंसुद्धा थांबलं.

क्षणापूर्वी आतून हसू ऐकू येत होतं. मोकळं, श्वास लागेपर्यंतचं. शेजारची कुणी पोर आली असेल, असं जिना चढताना त्याला वाटलं होतं. आत शेजारचं कुणीच नव्हतं. पलंगावर त्याची आई, पानबाई, माळ घेऊन बसली होती. तिच्यासमोर त्याची अकरा वर्षांची रुचि उभी होती. खांद्यावर घरातलीच चादर, अर्धी उलगडलेली. ती चादर ती दादीला विकत होती. ‘घ्या हो बाई, बिलकुल पक्का रंग, धुऊन धुऊन हात थकतील!’ हे त्यानं जिन्यात स्पष्ट ऐकलं होतं. आवाज तेवढा ओळखला नव्हता.

रुचिच्या चेहऱ्यावरून हसू उतरलं. आधी ओठांवरचं, मग डोळ्यांतलं.

“पायी आलास?” पानबाईंनी विचारलं.

“स्कूटर गॅरेजला टाकलीय. संध्याकाळपर्यंत देतो म्हणला, पण त्याचं काही खरं न्हाई.”

रुचिनं चादर घाईनं गोळा केली. कपाटातून आसन काढलं, तोंडावर बांधायची पांढरी मुहपत्ती काढली. वर न बघता फरशीवर आसन अंथरू लागली.

“बघ आई,” अंकित कौतुकानं म्हणाला, “सांगावंसुद्धा लागत न्हाई तिला.”

चार महिन्यांपूर्वी हीच पोर अभ्यासाला बसली की डाव्या पापणीचे केस एकेक करून उपटत असे. परीक्षेच्या सकाळी तिला उलट्या होत. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं नव्हतं. रोज थोडा वेळ तिला शांत बसू द्या, श्वासाकडे लक्ष देऊ द्या, असं त्या म्हणाल्या होत्या. घरातल्या कुणीतरी जवळ बसावं, काहीही न विचारता, असंही म्हणाल्या होत्या. पहिलंच वाक्य ऐकून अंकितला हायसं वाटलं होतं. हे तर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. सामायिक. अठ्ठेचाळीस मिनिटं आसनावर स्थिर बसायचं, मन आत वळवायचं. त्या वेळात संसाराचा एक शब्द तोंडून काढायचा नाही, आणि घरच्यांनीही बसलेल्याला हाक मारायची नाही.

रुचिला ते लागू पडलं. पापणीवर कोवळे केस उगवले. सकाळी एक, संध्याकाळी एक, असा तिचा नेम जडला. अंकितनं तिचा आसनावरचा फोटो समाजाच्या ग्रुपवर टाकला. जुन्या जालन्यातल्या त्याच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांनाही हे ठाऊक झालं. शेजारचा राधेश्याम चिडवायचा, “अंकितशेठ, पोरगी दीक्षा घेऊन राह्यली की काय? मंग दुकान कोन बघनार, मी?” अंकित हसायचा, पण आतून सुखावायचा. पोर बरी झाली आहे, तर आणखी एक शिकवणी लावायला हरकत नाही, हेही त्यानं ठरवून टाकलं होतं. येत्या रविवारी जैन स्थानकात, दोनशे सामायिकं पूर्ण केल्याबद्दल, तिचा सत्कार होता.

“आज बसायला उशीर झाला वाटतं,” तो रुचिला म्हणाला. “रोज मी येतो तव्हा तू बसलेली असतेस.”

रुचि आसनाची सुरकुती काढत राहिली. सुरकुती केव्हाच निघाली होती.

“तिला काय बोलतो,” पानबाई म्हणाल्या. बोटांतली माळ थांबली नव्हती. आवाजात राग नव्हता, की ठपका नव्हता. “आज स्कूटर वाजली न्हाई ना. मंग तिला कसं कळावं?”

अंकित अर्धवट हसला. मग ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहून गेलं.

सूर्यास्तानंतर तो जेवत नसे. म्हणून रोज सहाला घरी यायचा आणि पाऊण तासात दुकानात परतायचा. रात्री कुलूप लावून येईपर्यंत रुचि झोपलेली असायची. सकाळी त्याचा चहा, त्याचं वर्तमानपत्र, आणि कोपऱ्यात तिचं आसन. चार महिन्यांत ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली, हे त्यानं आठवून पाहिलं. तिचं एकही वाक्य त्याला सापडेना. सापडत गेले ते त्याचेच प्रश्न. किती पडले? पहिलं कोण आलं? येत होतं, तर चुकलं कसं? ज्या शांततेची तो गावभर वाखाणणी करत होता, ती बरोबर त्याच्या घरात असण्याच्या मापाची होती.

तो खाली बसला. गुडघे टेकून, तिच्या उंचीला येऊन.

“रुचि बेटा, आज सामायिक नको,” तो म्हणाला. “अभ्यासाचं मी काहीच विचारत न्हाई. नुसता बसतो तुझ्याजवळ. बसू?”

तिनं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. मुहपत्ती अजून हातातच होती. पाठ म्हटलेला नव्हता, व्रत घेतलेलं नव्हतं. बोलायला तिला कसलीच आडकाठी नव्हती.

तिनं आसनाची घडी केली, ती छातीशी धरली आणि आतल्या खोलीत निघून गेली.