चांगला पाय

शेवटचं इंजेक्शन भरून झालं, तरी डॉक्टरांनी सुईवरचं टोपण काढलं नाही. पागेच्या दारात मालकीणबाई लॅबचा रिपोर्ट घेऊन उभ्या होत्या. घोडीच्या पुढच्या उजव्या घोट्याच्या सांध्यातून काल काढलेल्या पाण्यात पांढऱ्या पेशी भरमसाट निघाल्या होत्या.

"सांधा सडलाय म्हणे. आणखी दोघा डॉक्टरांना विचारलं मी," त्या म्हणाल्या. "तिचे हाल नकोत आता. उरका."

त्यांच्या दोन्ही मुली याच घोडीवर बसायला शिकल्या होत्या.

डॉक्टर थकले होते. आजचे नव्हे, कित्येक वर्षांचे. परवा घोडी लंगडते म्हणून त्यांना बोलावलं होतं. दुखणं नेमकं कुठं आहे हे घोडी सांगत नाही, म्हणून सांध्यात बधिर करायचं औषध टोचायचं. लंगडणं थांबलं की दुखणं तिथलंच. उजव्या घोट्यात सुई गेली आणि घोडी नीट चालू लागली. पण ते औषधही सांध्याला झोंबतं. दोन-तीन दिवस सूज येते, पेशी वाढतात. टोचण्याआधीचं पाणी काढून ठेवलं असतं, तर ताडून बघता आलं असतं. घाईत ते राहिलं. आता सूज रोगाची की सुईची, हे कोण सांगणार? इथंच घोडं पेंड खात होतं.

सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो दोन दिवस मूग गिळून बसला होता. डॉक्टरांचा हात डोळे झाकून चालतो, असं लोक म्हणत. परवा तो खरंच तसा चालला. घोडीसमोर उभं राहून त्यांनी तिचा डावा पाय उजवा धरला. पहिल्या वर्षाच्या पोरानं करावी अशी चूक. चांगल्या घोट्यात औषध गेलं, घोडी लंगडतच राहिली. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. घोडीची देखभाल करणारे मोतद्दार मामा पाठमोरे, बादली भरत होते. मग गुपचूप उजव्या घोट्यात दुसरी सुई. अठ्ठावीस वर्षांचं नाव होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मामा, पट्टी सोडा."

मामा खाली बसले. घोडीच्या पुढच्या दोन्ही पायांना ओल्या पट्ट्या होत्या. दोन्ही कशाला, असं डॉक्टरांनी काल विचारलं, तेव्हा मामा म्हणाले होते, "असू द्या, गार वाटतं तिला."

उजवी पट्टी सुटली. घोटा तापलेला, टम्म सुजलेला. मामांचा हात डाव्या पायावर गेला आणि तिथंच थांबला. डॉक्टरांकडे न बघता त्यांनी विचारलं, "हीही सोडू का, साहेब?"

घोडी डॉक्टरांचा खिसा हुंगत होती. त्यांनी सिरिंज पेटीत ठेवून दिली.

"सोडा."

डावा घोटाही तितकाच सुजला होता.

"अहो, हा तर चांगला पाय!" मालकीणबाई म्हणाल्या.

"चांगलाच आहे. परवा चुकून मी आधी यातच सुई मारली. लपवलं तुमच्यापासून. याला कसलाही रोग नाही, तरी नुसत्या त्या औषधानं बघा किती सुजलाय. याचंही पाणी तपासायला पाठवतो. तोवर हिला मारायचं नाही."

मालकीणबाईंनी दोन्ही घोटे हात लावून पाहिले. मग रिपोर्टची घडी घालत म्हणाल्या, "घोडी राहू दे. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका."

त्या गेल्या. डॉक्टर गवताच्या भाऱ्यावर बसले. त्यांना वाईट वाटत होतं, आणि हलकंही वाटत होतं. मामा पट्ट्या पुन्हा बादलीत भिजवत होते.

"मामा, तुमची तर पाठ होती त्या वेळी."

"पाठच होती. पण संध्याकाळी चारही पायांवरून हात फिरवतो मी. रोजचंच आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललोच की, साहेब," मामा म्हणाले. "दोन दिवस चांगल्या पायाला पट्टी बांधून."