परक्यापुढे

“दिव्यावर विसंबू नका, ताई. आजींना स्वतः विचारत जा,” असं घरी येणाऱ्या नर्स जेसिंता सिस्टरनी सासूबाईंबद्दल बजावलं होतं. शर्वाणीने मान डोलावली आणि सोडून दिलं. वेदनेचं मोजमाप आता जगभर एकच होतं. त्यामुळेच तर दुखणं थांबवणारं औषध त्यांच्या तालुक्याच्या गावीही पोचलं होतं. खाटेसमोरचा यंत्राचा डोळा रुग्णाचा चेहरा वाचायचा. दुखणं वाढलं की दिवा लाल व्हायचा आणि औषध आपोआप नळीतून उतरायचं. सासूबाईंचा कर्करोग हाडांत शिरला होता, तरी दिवा हिरवाच होता.

त्या दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन ती खोलीत आली, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून पदराचा बोळा चावत होत्या.

“आई, दुखतंय?”

“हळू बोल गं. तो बघतोय ना समोरून.”

“अहो, यंत्र आहे ते!”

“असू दे. परक्यापुढे काय कण्हायचं? बरं दिसतं का?” असं म्हणून त्या डोळ्याकडे वळून हसल्या.

  शर्वाणीने बाळाचा लंगोट त्या डोळ्यावर टाकला. तेव्हा कुठे सासूबाई मोठ्याने कण्हल्या. सिस्टरनी येऊन हातानेच औषध दिलं.

शर्वाणीने हे मोजमाप ठरवणाऱ्या जागतिक कार्यालयाला कळवलं, तेव्हा तिथून उत्तर आलं, “एका घरावरून मोजमाप बदलत नाही.”

म्हणून ती आता दिसेल त्याला सांगते, तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या घरी दिवा हिरवा असेल, तर तो डोळा झाका आणि खाटेवरच्या माणसाजवळ जरा बसून या.