दुसरं बटण

एवढी महागडी जर्मन गाडी बाजारभावाच्या निम्म्यात कोण विकतं? नक्की ठोकलेली असणार, म्हणून मी बॉनेटपासून डिकीपर्यंत रंग तपासला. कुठेच काही सापडेना.

"हेच चालवायचे. मला शिक म्हणायचे, मी नाही शिकले," बाई दारातूनच म्हणाल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, पण त्या गाडीजवळही येत नव्हत्या.

ड्रायव्हरच्या सीटला जागा लक्षात ठेवणारी दोन बटणं होती. पहिलं दाबलं, सीट उंच माणसासाठी मागे सरकली. दुसरं दाबलं, तर पार पुढे येऊन वर उचलली गेली. मी बाईंकडे पाहिलं.

"म्हणूनच विकतेय," त्या म्हणाल्या. "कोण बसायची, ते मला नाही माहीत करून घ्यायचं."

एवढी उंच लावलेली सीट मी आजवर पाहिली नव्हती, आणि बाई जेमतेम माझ्या खांद्याला लागत होत्या. "एकदा बसा," मी म्हटलं.

त्या नाइलाजाने बसल्या. पाय बरोबर पेडलवर टेकले. आरसाही डोळ्यांसमोरच आला. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"यातला ब्रेक कुठला?" त्यांनी विचारलं.