व्हर्नाच्या कार्डाचं बिल

घटस्फोटानंतर व्हर्ना अमेरिकेतल्या डुलुथ शहरातच राहिली आणि डुएन पुलापलीकडच्या गावात राहायला गेला. संसारात बिलं भरायचं काम कायम डुएनकडेच होतं. त्यामुळे क्रेडिट कार्डाचं बिल आता आपल्यालाच भरायचंय, हे तिच्या लक्षात यायला हिवाळा सरावा लागला. घाबरतच तिनं फोनवर बँकेचं ॲप उघडलं, तर बाकी शून्य! दोघं एकत्र असताना बँकेत लावून ठेवलेल्या सोयीनं दर महिन्याचं बिल अजूनही डुएनच्याच खात्यातून परस्पर भरलं जात होतं.

शरमेनं लाल होत तिनं त्याला फोन लावला.

"डुएन, अरे, माझं बिल तुझ्या खात्यातून जातंय! तुला कळलं नाही?"

"पहिल्याच महिन्यात कळलं. मार्चमध्ये तर एकदम फुगलं होतं. सोफा घेतलास का?"

"कुत्रा पाळलाय. तुझ्यापेक्षा कमी घोरतो. तुझे सगळे पैसे परत करते मी. पण कळलं होतं, तर बँकेला सांगून बंद का नाही केलंस?"



 

"बंद केलं असतं, तर तू फोन केला असतास?"