सोवळ्यातलं बोट

"या घरात लसूणही शिजत नाही, चित्रा. लक्षात ठेव."

बावीस वर्षांपूर्वी, माप ओलांडताच सासूबाईंनी सांगितलं होतं. त्वचारोगतज्ज्ञ शेषाद्रींच्या समोर बसल्यावर चित्राला ते शब्द आठवले. मधल्या बोटावरची गाठ पाच आठवडे बसत नव्हती, आता मनगटापर्यंत आणखी दोन उठल्या होत्या. साखर नाही, ताप नाही. जपाची माळ ओढताना मात्र बोट ठणकायचं.

"दुर्मिळ जंतू आहे. माशांकडून येतो," रिपोर्ट पाहत डॉक्टर म्हणाले. "घरी मासे आहेत?"

तिचा नवरा दिनकर हसला. म्हणाला, ही एकादशी, चतुर्थी, सोमवार धरते. मी कामावर गेलो की इतका सांबराणी धूप जाळते, की संध्याकाळी फ्लॅट आहे की गाभारा कळत नाही. बाबा गेल्यापासून आईनं कांदाही सोडलाय. मासा आमचा जिना चढायलासुद्धा घाबरेल.

खाऊन नव्हे, हाताळून होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. काटा, खवले, टाकीतलं पाणी. औषध चार महिने. मूळ थांबलं नाही तर बोट चिरावं लागेल, आणि मग ते वाकेलच असं नाही.

दोघंही तिच्याकडे पाहत होते.

"देवळाच्या तळ्यात मी चुरमुरे घालते माशांना," ती हळूच म्हणाली.

"बंद करा."

"हो."

घरी आल्यावर दिनकरनं आईच्या खाटेशी बसून सगळं सांगितलं. आई, तुझ्या सोवळ्याच्या घरात माशांचा जंतू, म्हणाला. आठ महिने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चित्रानं त्या संध्याकाळी दोन माळा जास्त ओढल्या. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही.

सकाळी सहाला शहराबाहेरच्या ओरगडमच्या कारखान्याची बस दिनकरला घेऊन गेली. पूजा आटोपून चित्रा सासूबाईंपाशी आली. दोन दिवस त्यांच्या पोटात चमचाभर पेजेपलीकडे काही गेलं नव्हतं. त्यांनी तिचं पट्टी बांधलेलं बोट हातात धरलं, डोळ्यांना लावलं.

"नको गो आता," त्या माहेरच्या मालवणीत पुटपुटल्या. "माका बांगडो नको."

"शेवटपर्यंत खाऊ घालीन म्हटलंय मी, आई," चित्रा म्हणाली. तिनं जाड रबरी हातमोजे पिशवीत टाकले, दार हलकेच ओढून घेतलं आणि मासळीबाजाराकडे निघाली.