आयते शब्द

बायको हिल्केला वाटा द्यावा लागू नये म्हणून योरितने घटस्फोटाच्या वेळी लेउवार्डनच्या कोर्टात शपथेवर सांगितलं, "माझे बिटकॉइन केव्हाच बुडाले." खरं तर ते सगळे त्याने पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रात, डिजिटल वॉलेटमध्ये, दडवले होते. वॉलेट ऑनलाइन, कुणा अनोळखी माणसाकडून स्वस्तात घेतलेलं. ते उघडणाऱ्या चोवीस गुप्त शब्दांचं कार्डही खोक्यात आयतंच छापून आलेलं. हे शब्द यंत्राने मालकासमोरच तयार करायचे असतात, हे वाचायचा त्याला कंटाळा आला.

निकालानंतर हिल्के आपली भांडी न्यायला आली, तेव्हा कॉफीचंही न विचारता तो म्हणाला, "चमचे मोजून ने. तेवढंच आहे तुझ्या नशिबात."

"तोंड सांभाळ, योरित."

तिच्या नाकावर टिच्चून त्याने फोनवर शिल्लक पाहिली. शून्य. शब्द छापणाऱ्याने सगळं परस्पर काढून नेलं होतं.

"चोरलं! सगळं चोरलं!" तो किंचाळला.

"कोणी? काय चोरलं?" हिल्केने फोन काढला. "थांब, पोलिसांना बोलावते."

 

तिचा हात घट्ट धरून योरित म्हणाला, "नको! माझ्याकडे होतंच काय चोरायला?"